विजयदुर्ग पाहायचा तर खाडीकडे तोंड करा

विजयदुर्गावर येणारा बहुतेक माणूस सरळ पश्चिमेच्या तटावर जातो. तिथे लाटा तटाला धडकत असतात, वारा भन्नाट असतो, फोटो सुंदर येतात. मग हेलियमच्या शोधाची आणि पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट ऐकायची, भवानीमातेच्या देवळात हात जोडायचे आणि परतायचं. मीही पहिल्या दोन-तीन वेळा असाच आलो आणि गेलो. हा किल्ला इथेच का बांधला, पाचशे-सहाशे वर्षं एवढ्या सत्ता त्याच्यासाठी का झगडल्या, आणि १७५६ मध्ये तो अवघ्या दीड दिवसात कसा पडला, हे मला फार उशिरा कळलं. समुद्राकडे पाठ करून उत्तरेच्या आणि पूर्वेच्या तटावर उभं राहिलं, की या तिन्ही प्रश्नांचं उत्तर समोर पसरलेलं दिसतं. ते उत्तर म्हणजे वाघोटनची खाडी.

आधी जागा समजून घेऊ. सह्याद्रीत उगम पावणारी नदी कोकणात उतरते आणि समुद्राला मिळण्याआधी रुंद होते. भरतीचं खारं पाणी तिच्या पात्रात कित्येक मैल आत जातं. या पट्ट्याला आपण खाडी म्हणतो. वाघोटन खाडीच्या दक्षिण तीरावर, अगदी मुखाशी, खडकाचं एक टोक समुद्रात घुसलेलं आहे. त्या टोकावर विजयदुर्ग आहे. अलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातला देवगड तालुका, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर. खाडीत शिरणाऱ्या किंवा बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जहाजाला या टोकाला वळसा घालूनच जावं लागतं, आणि तेही तोफेच्या टप्प्यातून. दारात बसलेल्या राखणदारासारखी ही जागा आहे.

राखण कशाची, हा पुढचा प्रश्न. कोकणाला किनारा भरपूर आहे, पण पावसाळ्यात जहाज सुखरूप ठेवता येईल अशा जागा मोजक्या. बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा बांध साचलेला असतो. भरतीच्या वेळी होडी त्याच्यावरून आत जाते, ओहोटीला तिथे जेमतेम कमरेएवढं पाणी उरतं, आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की त्याच बांधावर लाटा फुटून होड्या उलटतात. विजयदुर्गच्या मुखाशी असा बांध नाही. पाणी खोल आहे, शिवाय किल्ल्याचं टोक स्वतःच नैर्ऋत्येच्या लाटा अडवतं. त्यामुळे ऐन आषाढातही जहाज आत घेता येईल अशी पश्चिम किनाऱ्यावरची जी थोडी बंदरं आहेत, त्यांत याची गणना होते. इंग्रजांच्या काळातल्या जिल्हा गॅझेटियरनेही याची नोंद कौतुकाने केली आहे. ही खोली लक्षात ठेवा. या बंदराचं सगळं भाग्य त्या खोलीत होतं आणि पुढे घात झाला तोही तिच्यामुळेच.

खाडीने वर वर जात राहिलं की खारेपाटण लागतं. आज मुंबई-गोवा महामार्गावर गाडी थांबवून चहा घ्यायचं गाव म्हणून आपण त्याला ओळखतो, पण हजार वर्षांपूर्वी ती मोठी पेठ होती. तिथे सापडलेला रट्टराज या शिलाहार राजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून सोन्याचं एक गद्याणक नाणं घ्यावं, अशी त्यात नोंद आहे. या एका ओळीत किल्ल्यामागचं सगळं अर्थकारण आलं. अरबस्तानाकडून घोडे, खजूर, धातू येणार. घाटमाथ्यावरून बैलांच्या पाठीवर धान्य, कापड, मिरी उतरणार. दोघांची गाठ खाडीच्या आतल्या पेठेत पडणार. जो खाडीचं तोंड धरून बसेल, त्याला या येण्याजाण्यावर जकात घेता येणार. घाटावरच्या राजांना कोकणातले किल्ले हवे असत, ते यासाठी.

किल्ल्याची पहिली बांधणी परंपरेने कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातल्या दुसऱ्या भोजाकडे जाते, म्हणजे बाराव्या शतकाचा शेवट आणि तेराव्याची सुरुवात. नंतर यादव, बहमनी, आदिलशाही अशी मालकी बदलत गेली. तेव्हा त्याचं नाव घेरिया. शेजारच्या गिर्ये गावावरून ते आलं असं काही जण म्हणतात, तर पाण्याने घेरलेला म्हणून घेरिया असं इतर. इंग्रजांच्या कागदांत शेवटपर्यंत हेच नाव आहे. शिवाजी महाराजांनी आदिलशहाकडून किल्ला घेतला त्याचं साल परंपरेने १६५३ सांगितलं जातं. त्या वर्षी विजय नावाचं संवत्सर चालू होतं, म्हणून विजयदुर्ग. दक्षिण कोकणात महाराजांची हालचाल खऱ्या अर्थाने १६६०च्या दशकात सुरू झाली, असं दाखवून काही अभ्यासक हे साल पुढे ओढतात. सालाचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. सुमारे पाच एकरांचा आटोपशीर किल्ला महाराजांनी वाढवून सतरा एकरांच्या आसपास नेला आणि त्याला एकाबाहेर एक अशी तिहेरी तटबंदी दिली.

ही तटबंदी बघताना तिचं तर्कशास्त्र समजून घेतलं तर पाहण्याची मजा वाढते. आज आपण पूर्वेकडून डांबरी रस्त्याने चालत आत जातो. पूर्वी इथे खंदक होता. त्यात समुद्राचं पाणी खेळत असे आणि किल्ला चारही बाजूंनी पाण्यात असे. इंग्रजी अमलात खंदक बुजला. मारुतीच्या देवळापाशी पोचलात की समोर थेट महादरवाजा दिसत नाही. आधी मुख्य तटाच्या पुढे आलेली, जिभेसारखी भिंत आणि तिच्यातला जिबीचा दरवाजा लागतो. मग वाट तटाला चिकटून वळत जाते. या वळणांवर चालणारा शत्रू सतत वरच्या माणसाच्या नजरेत राहतो, आणि दरवाजा फोडायला हत्तीला धाव घ्यायला जागा उरत नाही. तिहेरी तटाचंही तसंच. बाहेरचा तट पडला तर लढणारे मधल्या तटामागे जाणार, मधला तट बाहेरच्याहून उंच असल्यामुळे तिथून बाहेरच्यावर मारा करता येणार. दगड बराचसा जांभा. जांभा कापायला सोपा आणि हवा-पाण्याने घट्ट होत जातो. तोफेचा गोळा लागला तर कडक दगडासारखा तडकून सुटण्याऐवजी त्यात खड्डा पडतो, आणि गोळ्याचा जोर तिथेच जिरतो.

जहाज आणि किल्ला यांची समोरासमोर लढाई झाली तर एरवी किल्ल्याचं पारडं जड असे. किल्ल्याची तोफ दगडी बुरुजावर स्थिर, जहाजाची तोफ लाटेबरोबर वरखाली. किल्ल्याचा दारूगोळा तळघरात, जहाजाचा लाकडी पोटात, एक ठिणगी पडली की संपलं. जहाजावरून सोडलेला गोळा आडवा जातो आणि तटाच्या पायथ्याशी किंवा अंगावर आपटतो. एवढं सगळं किल्ल्याच्या बाजूने असताना विजयदुर्ग का पडला, ते पुढे येईलच.

आता खाडीच्या आत चला, कारण किल्ल्याइतकंच महत्त्वाचं काम तिथे चालायचं. मराठी आरमाराची मुख्य जहाजं दोन प्रकारची. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं मोठं लढाऊ जहाज, नाळेकडचा भाग निमुळता आणि बसका, तिथून समोर मारा करणाऱ्या दोन जड तोफा. गलबत म्हणजे लहान, हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की शिडाचं मोठं युरोपीय जहाज जागच्या जागी अडकतं. अशा वेळी गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून नेत आणि त्या अडकलेल्या जहाजाच्या मागच्या बाजूला आणून उभी करत. जहाजाच्या बगलेत तोफांची रांग असते, मागे फारशा तोफा नसतात. तिथून मारा करून शिडं आणि डोलकाठी तोडायची, मग माणसं चढवायची. काही बिनसलं तर उथळ पाण्यातून एखाद्या खाडीत शिरायचं. मोठ्या जहाजाला मागे येणं अवघड.

पण अशी जहाजं वर्षभर समुद्रात राहू शकत नाहीत. लाकडाच्या तळाला समुद्रातले किडे पोखरतात, शिंपले-काकई चिकटून वेग मरतो. मृग लागायच्या आत आरमार छावणीला यायचं आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बाहेर पडायचं. या तीन-साडेतीन महिन्यांत सगळी ताकद दोरांनी बांधून एका जागी पडलेली असते. शत्रूने आग लावायची तर तेव्हाच. म्हणून रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या छावणीचा वेगळा विचार केला आहे: बंदर किल्ल्याच्या आश्रयाचं असावं, आणि दरवर्षी एकाच जागी छावणी करून तिथल्या रयतेला त्रास होऊ देऊ नये. जहाजासाठी लाकूड आणतानाही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, हेही त्याच ग्रंथात सांगितलं आहे. झाड काही वर्षा-दोन वर्षांत होत नाही, लेकरासारखं वाढवावं लागतं, असं कारण दिलं आहे. हा भाग जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा राज्य चालवणं म्हणजे काय हे नव्याने कळतं.

विजयदुर्गच्या आरमाराची गोदी किल्ल्यापासून सुमारे अडीच-तीन किलोमीटर आत, खाडीच्या दक्षिण काठावर आहे. साधारण साडेतीनशे फूट लांब, खडक कापून आणि दगड रचून केलेलं मोठं कुंड. तिचं काम भरती-ओहोटीवर चालायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढतं, तेव्हा जहाज आत घ्यायचं. ओहोटीला पाणी उतरलं की जहाज कोरडं बसतं, मग तोंड बंद करून तळ खरवडायचा, फळ्या बदलायच्या, सांध्यांत काथ्या भरायचा, डांबर-चुन्याचा लेप द्यायचा. पुढच्या उधाणाला जहाज पुन्हा तरंगत बाहेर. यंत्र नाही, वाफ नाही, चंद्राच्या हिशेबावर चालणारा कारखाना. किल्ला खाडीचं दार राखतो आणि दारामागे हा कारखाना असतो. मला विचाराल तर विजयदुर्गचं काळीज हेच.

कान्होजी आंग्रे यांनी १६९८ च्या सुमारास विजयदुर्ग आपलं मुख्य ठाणं केलं, त्यामागे हे सगळं होतं. औरंगजेबाच्या स्वाऱ्यांत बाकीचं स्वराज्य होरपळत असताना किनारा या माणसाने सांभाळला. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, आणि खंत याची वाटते की आजही काही इंग्रजी पुस्तकांत ते तसंच छापलं जातं. थोडं समजून घेऊ. पोर्तुगीज १६व्या शतकापासून हिंदी महासागरात फिरणाऱ्या प्रत्येक जहाजाला आपला परवाना घ्यायला लावत. परवाना नसेल तर जहाज जप्त. इंग्रजांनीही आपापले परवाने चालू केले. कान्होजींनी तेच केलं: आमच्या समुद्रातून जायचं तर आमचं दस्तक घ्या. ते छत्रपतींचे सरखेल होते, राज्याचे नेमलेले आरमारप्रमुख. एकाने परवाना मागितला की कायदा आणि दुसऱ्याने मागितला की दरोडा, हा न्याय लिहिणाऱ्याच्या सोयीचा होता.

दस्तक नाकारणाऱ्या इंग्रजांनी विजयदुर्गावर चाल केली. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कमी पाण्यात चालेल असा, जड तोफा लादलेला एक तरंगता बुरूजच बांधून घेतला होता. १७२० मध्ये तो विजयदुर्गासमोर आणला, पण किल्ल्याचं काही बिघडलं नाही. १७२४ मध्ये डचांचं आरमार बाताव्ह्याहून, म्हणजे आजच्या जकार्त्याहून आलं. त्यांनाही हात हलवत परतावं लागलं. जिब्राल्टर म्हणजे युरोपातला अजिंक्य मानला जाणारा सागरी किल्ला; विजयदुर्गाला पूर्वेचं जिब्राल्टर हे नाव याच काळातल्या दरार्‍यातून आलेलं.

पाण्याखालच्या भिंतीची कथा याच लढायांशी जोडली जाते. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्रात दगडांची लांब रांग आहे, ती महाराजांनी बांधून घेतली आणि तिच्यावर आपटून शत्रूच्या जहाजांचे तळ फुटले, अशी ती कथा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून तिथली पाहणी केली आणि पाण्याखाली दगडांची रचना असल्याचं नोंदवलं. ती कोणी आणि कधी रचली, की मूळची खडकाचीच रांग आहे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझं म्हणणं एवढंच की किल्ल्याचं रक्षण या एका भिंतीने केलं असं मानणं इतिहासाला धरून नाही. ज्या लढाईत किल्ला पडला, तिच्यात शत्रू पश्चिमेकडून आलाच नाही. तो खाडीच्या उघड्या दारातून आत शिरला.

त्या लढाईकडे येण्याआधी घरातली परिस्थिती बघावी लागते. कान्होजी १७२९ मध्ये वारले. मुलांत वाटण्या झाल्या, भांडणं झाली. मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गकडे, आणि संभाजीनंतर त्याचा भाऊ तुळाजी. तुळाजी समुद्रावर जबरदस्त होता. इंग्रजांची, डचांची, फ्रेंचांची जहाजं त्याने धरून आणली, त्यांतलं रिस्टोरेशन हे इंग्रजी जहाज त्याने आपल्याच ताफ्यात घातलं. पण तो पेशव्यांना जुमानत नव्हता, खंडणी देत नव्हता, आणि शेजारच्या मराठी सरदारांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होता. ही तक्रार खोटी नव्हती, हे तुळाजीच्या बाजूने बोलताना आपण विसरतो.

नानासाहेब पेशव्यांनी त्याचा बंदोबस्त करायचं ठरवलं. जमिनीवर फौज होती, समुद्रावर नव्हती. म्हणून १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी तह झाला: जमिनीवरून आम्ही, पाण्यावरून तुम्ही. एप्रिलच्या सुरुवातीलाच कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग पाडला. (या विजयाची आठवण म्हणून त्याच्या विधवेने लंडनमध्ये एक मनोरा बांधला. तो अजून उभा आहे आणि त्याचं नाव सुवर्णदुर्गाच्या इंग्रजी अपभ्रंशावरून सेव्हर्नड्रूग असं आहे.) त्याच वर्षाच्या शेवटी जेम्स विजयदुर्गाची टेहळणी करायला आला आणि शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून त्याने पाण्याची खोली मोजली. तोपर्यंत मुंबईत समजूत होती की इथे मोठी जहाजं जवळ जाऊच शकत नाहीत. जेम्सने कळवलं की ऐकलं होतं त्याहून हे ठिकाण फारच वेगळं आहे. पाणी खोल आहे, थेट किल्ल्याजवळ नांगर टाकता येईल.

सगळी लढाई या एका मोजणीत ठरली असं मला वाटतं. बांध नसलेली, पावसाळ्यातही जहाज आत घेणारी खाडी. तिची खोली गुराबांना जशी सोयीची, तशीच सत्तर तोफांच्या इंग्रजी युद्धनौकेलाही. पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडे एवढी मोठी जहाजं नव्हती, म्हणून प्रश्न आला नव्हता. या वेळी ब्रिटिश राजाचंच आरमार ॲडमिरल वॉटसनच्या हाताखाली मुंबईत आलेलं होतं आणि सोबत फौज घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह.

११ फेब्रुवारी १७५६ ला हा ताफा विजयदुर्गासमोर आला. पेशव्यांची फौज आधीच जमिनीवरून किल्ल्याजवळ पोचली होती. तुळाजी किल्ल्यात नव्हता. तो पेशव्यांच्या छावणीत तहाची बोलणी करायला गेला होता आणि किल्ला नातेवाइकाच्या हाती होता. इंग्रजांनी मुंबईहून निघतानाच लुटीचे वाटे आपसात ठरवून घेतले होते, आणि त्यात पेशव्यांना वाटा नव्हता. तुळाजी तह करून किल्ला पेशव्यांच्या स्वाधीन करेल, ही त्यांना सर्वांत मोठी धास्ती होती. म्हणून घाई झाली.

१२ तारखेला दुपारी जहाजं दोन रांगांनी खाडीत शिरली आणि किल्ल्याच्या उत्तर अंगाला ओळीने उभी राहिली. मोठ्या नौका तटावर सरळ मारा करू लागल्या. त्यांच्यामागे वेगळ्या बांधणीची जहाजं होती, त्यांच्यावर उखळी तोफा. साधी तोफ आडवी मारते, उखळी तोफ गोळा आभाळात उंच फेकते. तो पोकळ असतो, आत दारू भरलेली, वातीसकट. तो तटाच्या वरून आत पडतो आणि मग फुटतो. तिहेरी तट, वळणाची वाट, जांभ्याची जाडी हे सगळं समोरून येणाऱ्या गोळ्यासाठी होतं. वरून पडणाऱ्या गोळ्यावर त्याचा इलाज नव्हता.

चारनंतर केव्हातरी असा एक गोळा खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेल्या आरमारावर पडला. पेटलं ते रिस्टोरेशन, जे तुळाजीने इंग्रजांकडूनच जिंकलं होतं. वारा, सुकं लाकूड, डांबर, दोरखंड. थोड्या वेळात आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. गुराबा, गलबतं, तीन डोलकाठ्यांची जहाजं, काठावर बांधायला घेतलेली नवी जहाजंसुद्धा. कान्होजींपासून दोन पिढ्यांनी जमवलेलं आरमार एका संध्याकाळी जळलं. रात्री क्लाइव्ह किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मध्ये आपली माणसं उतरवून बसला, म्हणजे मित्रच आधी आत जाऊ नयेत. १३ तारखेला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. अडीचशेच्या आसपास तोफा आणि सुमारे दहा लाखांची लूट मिळाली, आणि त्यांची मेलेली-जखमी माणसं होती वीसेक. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

यावर आपल्याकडे कडाक्याने वाद होतात. पेशव्यांनी मराठ्यांचं आरमार बुडवलं, असं एक टोक. तुळाजी बंडखोर होता, दुसरा मार्ग नव्हता, हे दुसरं. माझं मत सांगतो. सरदाराला वठणीवर आणणं हे राज्याचं कामच होतं, आणि पेशव्यांच्या फौजेने जमिनीवरून तुळाजीचे किल्ले एकेक करून घेतले होतेच. तुळाजी बोलणीला आला होता. आणखी थोडा धीर धरला असता तर आरमारासकट किल्ला हाती येत होता. समुद्रावर आपण दुबळे आहोत म्हणून समुद्रावरच्या परक्याला बोलावलं, आणि त्याने जाता जाता आपलं उरलेलं बळ जाळलं. मुंबईपासून दक्षिणेपर्यंतच्या पाण्यात इंग्रजांना ज्याची भीती वाटेल असं त्यानंतर फार थोडं उरलं. वॉटसन आणि क्लाइव्ह इथून गेले, आणि पुढच्या वर्षी हीच जोडी बंगालमध्ये होती.

किल्ला मात्र परत मिळाला. इंग्रज तो सोडायला तयार नव्हते, पण ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट आणि भोवतालची गावं त्यांना देऊन पेशव्यांनी विजयदुर्ग घेतला. मग इथे पेशव्यांच्या आरमाराचा सुभा आला आणि धुळप घराण्याचा काळ सुरू झाला. हे आपण फार कमी बोलतो. आनंदराव धुळपांनी नवं आरमार उभं केलं आणि एप्रिल १७८३ मध्ये रेंजर हे इंग्रजी जहाज लढून धरून विजयदुर्गात आणलं. त्याच्यावर कंपनीच्या सैन्यातले बडे अधिकारी होते, त्यांतले काही लढाईत कामी आले. मराठे आणि इंग्रज यांच्यातलं युद्ध संपवणाऱ्या सालबाईच्या तहाची बातमी आणि समुद्रावरची परिस्थिती यांचा मेळ न बसल्याने झालेली ही लढाई पुढे राजकारणात निस्तरावी लागली, पण धुळपांचं आरमार जिवंत होतं याची ती साक्ष आहे. धुळपांचा वाडा विजयदुर्ग गावात आजही आहे. जवळच गिर्ये येथे रामेश्वराचं देऊळ आहे, तिथली डोलकाठी धुळपांनी जिंकलेल्या जहाजाची म्हणून दाखवतात. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि लढायांचा भाग संपला.

हेलियमबद्दल सांगायलाच हवं, कारण किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ पाहून सगळे तेच विचारतात. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असं फलकांवर आणि फोनवर फिरणाऱ्या मजकुरांत वाचायला मिळतं. खरा क्रम असा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरहून निरीक्षण करत होता. सूर्याच्या कडेच्या प्रकाशात पिवळी रेषा दिसली, आणि ती पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही हे नॉर्मन लॉकियरने त्याच वर्षी ओळखलं, पण तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता. १८९५ मध्ये रॅम्सेने हेलियम प्रयोगशाळेत वेगळा काढला. लॉकियर विजयदुर्गात आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. मेल्पोमीनी नावाची युद्धनौका त्याच्या दिमतीला होती, तिच्या खलाशांना शिकवून त्याने दुर्बिणींवर उभं केलं होतं. ओटे त्या मोहिमेचे. ज्याने सूर्यातलं हेलियम ओळखलं तो माणूस इथे तळ ठोकून बसला होता, ही खरी गोष्ट मला खोट्या दाव्याहून अधिक मोलाची वाटते. गावातल्या मुलांना तीच सांगावी.

पुढे बंदर मुंबईच्या बोटींचं झालं. माझी आजी सांगायची, बोट खाडीत शिरली की किल्ला उजव्या हाताला येई आणि सगळे सामान आवरायला उठत. त्या बोटी बंद पडल्या, महामार्गाने बंदराची जागा घेतली आणि खाडी शांत झाली. ऑगस्ट २०२० मध्ये पावसा-लाटांच्या माऱ्याने बाहेरच्या तटाचा काही भाग कोसळला, तेव्हा पोटात खड्डा पडला होता. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात विजयदुर्ग आहे. आता येणाऱ्यांची संख्या वाढेल.

येणार असाल तर किल्ल्यासाठी अर्धा दिवस आणि खाडीसाठी अर्धा दिवस ठेवा. किल्ल्यावर आधी उत्तरेच्या तटावर जा आणि १७५६ ची जहाजं कुठे उभी राहिली असतील ते डोळ्यांसमोर आणा. ती इतकी जवळ होती की अंगावर काटा येतो. मग गोदीकडे. भरतीला तिथे नुसतं पाणी दिसतं, म्हणून ओहोटीची वेळ गावात एखाद्या मच्छीमाराला विचारून घ्या. पाणी उतरलं की चिखलातून कापलेल्या खडकाची कड वर येते, आणि जहाज कुठून आत येत असेल ते दाखवावं लागत नाही.